एकेका पेशीची तपासणी चिपवर: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरातले बायोटेक, मायक्रोबायोलॉजी आणि फार्मसीचे विद्यार्थी, पॅथॉलॉजी लॅब चालवणारे आणि डाळिंबावर काम करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. थेट अडचण घेऊन आला असाल तर प्रश्न ९ पासून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. लॅब-ऑन-अ-चिप म्हणजे कॉम्प्युटरच्या चिपसारखं काही असतं का?

नाही. बहुतेक चिपमध्ये वीज वाहत नाही, द्रव वाहतो. २५ × ७५ मिलिमीटरची सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी आणि तिच्यावर पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराचा ठोकळा, एवढीच चिप. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला १० ते २०० मायक्रोमीटर रुंदीचे चॅनेल कोरलेले असतात. एवढ्या अरुंद जागेत पाणी वेगळं वागतं. १०० मायक्रोमीटरच्या चॅनेलमध्ये सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळीचा हे सांगणारा आकडा) ०.१ च्या आसपास येतो. नळात खळबळ सुरू व्हायला तो २,००० च्या पुढे जावा लागतो. म्हणून चिपमध्ये दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहिले तरी ढवळले जात नाहीत, फक्त विसरणाने हळूहळू मिसळतात. लहान रेणूला १० मायक्रोमीटर पसरायला दशांश सेकंद लागतो, १०० मायक्रोमीटरला सुमारे १० सेकंद. चिपची सगळी रचना या दोन आकड्यांभोवती फिरते.

२. एकेक पेशी वेगळी बघायची गरजच काय? सीबीसी पुरत नाही का?

सीबीसीचं यंत्र पेशी एकेक करूनच मोजतं. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेचा रोध क्षणभर वाढतो. हे कूल्टरचं तत्त्व, पेटंट १९५३ चं. पण त्यातून कळतो तो मुख्यतः आकार आणि संख्या. पेशीत कोणती जनुकं चालू आहेत हे बघायचं, तर नेहमीच्या पद्धतीत लाखो पेशी एकत्र फोडून सगळ्यांचा आरएनए मोजतात आणि हाती येते सरासरी. शेंगाचटणी कुटून झाल्यावर त्यातला कोणता दाणा खवट होता हे सांगता येत नाही, तसंच हे. हजारात दहा पेशी वेगळ्या वागत असतील तर सरासरीत त्या दिसतच नाहीत.

उलटही खरं आहे. तुमचा प्रश्न सरासरीनेच सुटत असेल तर एकपेशीय तपासणीच्या भानगडीत पडू नका. खर्च कितीतरी पट वाढतो आणि प्रत्येक पेशीमागे मिळणारी माहिती उलट विरळ असते.

३. थेंबांच्या पद्धतीत नेमकं काय होतं?

एका चॅनेलमधून पेशी येतात आणि दुसऱ्यातून बारीक मणी. दोन्ही प्रवाह जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी फ्लोरिनयुक्त तेल येऊन त्यांना चिमटतं आणि तेलात पाण्याचे एकसारखे थेंब तुटत जातात. १२५ मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबात १ नॅनोलिटर पाणी मावतं, ५० मायक्रोमीटरच्या थेंबात फक्त ६५ पिकोलिटर.

पेशी आणि मणी एकाच थेंबात आले की थेंबातलं रसायन पेशी फोडतं आणि तिचा एमआरएनए (चालू जनुकांवरून बनलेला आरएनए) मण्यावरच्या धाग्यांना चिकटतो. एका मण्यावरच्या सगळ्या धाग्यांवर एकच बारकोड असतो. २०१५ मध्ये आलेल्या ड्रॉप-सेक पद्धतीत तो १२ अक्षरांचा आहे, म्हणजे १,६७,७७,२१६ वेगवेगळे बारकोड शक्य होतात. पुढे सगळे थेंब एकत्र फोडून सिक्वेन्सिंग (रेणूंची अक्षरं वाचणं) केलं तरी कोणता रेणू कोणत्या पेशीचा हे बारकोडवरून कळतं. त्याच वर्षी आलेली इनड्रॉप आणि बाजारातलं टेन-एक्स जीनोमिक्सचं क्रोमियम यंत्र यांचा गाभाही हाच.

४. थेंबांशिवाय दुसऱ्या पद्धती आहेत का?

आहेत, आणि शिकण्यासाठी त्यातली एखादी जास्त सोयीची. तीच पेशी तासन् तास सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असेल तर सापळ्यांची चिप घ्या. चॅनेलमध्ये पेशीच्या मापाचे खिसे असतात, त्यात एकेक पेशी अडकते आणि बाकीचा प्रवाह बाजूने निघून जातो. पंप नको असेल तर सूक्ष्म-खड्ड्यांची चिप, ज्यात पेशी आपल्या वजनानेच खड्ड्यांत बसतात. २०१७ ची सेक-वेल पद्धत अशीच आहे. हवेच्या दाबावर उघडझाप होणाऱ्या रबरी झडपांच्या चिप २००० पासून आहेत. त्यांत प्रत्येक पेशीवर उत्तम ताबा राहतो, पण नळ्यांचं जंजाळ सांभाळावं लागतं.

५. दहातले नऊ थेंब रिकामे दिसतात. पेशी कमी पडल्या का?

नाही, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. कोणत्या थेंबात किती पेशी जातील हे प्वासाँच्या वाटपाने, म्हणजे योगायोगाने होणाऱ्या वाटपाच्या गणिताने, ठरतं. सरासरी दर थेंबाला ०.१ पेशी ठेवली तर ९०.५ टक्के थेंब रिकामे राहतात, ९ टक्क्यांत एक पेशी येते आणि ०.५ टक्क्यात दोन किंवा जास्त. म्हणजे पेशी असलेल्या थेंबांपैकी सुमारे ५ टक्के दुकटे. सरासरी ०.३ केली की पेशी झटपट मिळतात, पण दुकट्यांचं प्रमाण १४ टक्क्यांवर जातं. घाई केल्याची किंमत पुढे विश्लेषणात मोजावी लागते (प्रश्न १५ पाहा).

६. हे सोलापुरात करता येईल का, की सगळं पुण्या-मुंबईलाच?

अर्धं इथे होतं. क्लीनरूम (धूळविरहित खोली) लागते ती फक्त साचा बनवायला: सिलिकॉन चकतीवर एसयू-८ या प्रकाशसंवेदी रसायनाची नक्षी. एकदा केलेला साचा नीट सांभाळला तर त्यावर कित्येक चिप ओतता येतात. बाहेरच्या संशोधकांना आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा आयएनयूपी-आय२आय कार्यक्रमातून वापरता येतात. चिप ओतणं, पेशी तयार करणं, थेंब पाडणं, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे साध्या एसी खोलीत जमतं. सिक्वेन्सिंग मात्र बाहेरच. कोणत्या संस्थेचं कोणतं यंत्र भाड्याने मिळतं ते आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधा आणि निघण्याआधी फोन करून तारीख पक्की करा.

७. साचा हातात आहे. चिप ओतायची कशी?

साच्यावर पहिल्यांदाच ओतत असाल तर आधी त्याला व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये फ्लोरोसिलेनची वाफ द्या, नाहीतर रबर साच्याला कायमचं चिकटेल. ९० मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये ५ मिलिमीटर जाडी हवी तर ३० ग्रॅम सिलगार्ड १८४ आणि ३ ग्रॅम हार्डनर घ्या, म्हणजे वजनाने १० ला १. मिश्रण पांढरं फेसाळ दिसेपर्यंत ढवळा. मग बुडबुडे जाईपर्यंत ३० ते ४५ मिनिटं व्हॅक्यूममध्ये ठेवा, साच्यावर ओता आणि ७० अंशांवर किमान दोन तास भाजा. मिश्रण २५ अंशांवर तास-दीड तास तरी ओतण्याजोगं राहतं, ४० अंशांच्या खोलीत त्याहून बरंच कमी.

थंड झाल्यावर कापून सोडवा. नळीची भोकं ०.७५ किंवा १ मिलिमीटरच्या बायॉप्सी पंचने नक्षीच्या बाजूने पाडा. पंच बोथट असेल तर भोकात रबराचा चुरा राहतो आणि तोच पुढे चॅनेलमध्ये जाऊन बसतो. चिकटपट्टीने पृष्ठभाग स्वच्छ करा, रबर आणि काच दोन्हींना ३० ते ६० सेकंद ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू, रक्तातला प्लाझ्मा नव्हे) द्या, लगेच एकमेकांवर ठेवा आणि ८० अंशांवर १५ मिनिटं तापवा. प्लाझ्मा यंत्र नसेल तर हाताने धरायचं कोरोना ट्रीटर चालतं.

रबर चिकटच राहिलं तर लॅटेक्सचे हातमोजे तपासा. त्यांतलं गंधक प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतं. नायट्राइलचे मोजे वापरा. शेवटची गोष्ट: प्लाझ्मानंतर चॅनेल पाणी ओढून घेतात आणि तेलातले थेंब नीट तुटत नाहीत. म्हणून थेंबांच्या चिपमध्ये फ्लोरोसिलेनचं द्रावण फिरवून चॅनेल पुन्हा जलविरोधी करावे लागतात.

८. छापखान्यातून काढलेली फिल्म मास्क म्हणून चालेल का?

चॅनेल ५० मायक्रोमीटरपेक्षा रुंद असतील तर चालते. २,४०० डीपीआयला एक ठिपका १०.६ मायक्रोमीटरचा पडतो. दहा मायक्रोमीटरचा सापळा त्यात एका ठिपक्यात संपेल आणि कडा करवतीसारखी येईल. अडचण दुसरीच आहे: बहुतेक छापखाने थेट प्लेटवर गेले, त्यामुळे फिल्म काढून देणारा शोधावा लागतो.

९. चिप सारखी तुंबते. काय करावं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि दोष बहुधा चिपच्या रचनेत नसतो. तुंबलेली जागा सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काय अडकलंय त्यावर उपाय ठरतो.

लांब, पिळदार, चमकणारा धागा दिसला तर तो कापसाचा तंतू. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ लॅब असेल तर चादरी-टॉवेलच्या मागांवरून उडणारी कापसाची बारीक पूस हवेतच असते. त्यात लॅबमधला कापूस, साधा टिश्यू पेपर आणि सुती ॲप्रन यांची भर पडते. पुसायला तंतू न सोडणारं कापड वापरा, चिपची भोकं चिकटपट्टीने झाकून ठेवा आणि पंख्याखाली काम करू नका.

टोकदार खडे दिसले तर क्षार. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम हे फॉस्फेट-बफरशी (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाशी) मिळून साका धरतं. घरगुती आरओचं पाणीही इथे कामाचं नाही. प्रयोगशाळेचं अतिशुद्ध पाणीच घ्या आणि प्रत्येक द्रावण ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. तेलही गाळा, पण तेलाला चालणाऱ्या पीटीएफई फिल्टरमधून.

लिबलिबीत, पेशींना एकत्र बांधणारा गोळा दिसला तर मेलेल्या पेशींमधून सुटलेला डीएनए. इथे गाळून भागत नाही, नमुनाच सुधारावा लागतो. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून १५ मिनिटं ठेवा, धुवा, ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा. जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या वर असतील तर निर्धास्त राहा. ७० च्या खाली असतील तर त्या दिवशी चिप लावूच नका.

चिपवरच, आत शिरल्या शिरल्या, खांबांची एक रांग ठेवा. खांबांमधली फट पुढच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा थोडी कमी, पण सर्वांत मोठ्या पेशीपेक्षा जास्त हवी. आणि तुंबलेलं मोकळं करायला पंपाचा दाब वाढवत नेऊ नका. नळी निसटते किंवा काच-रबराचा जोड सुटतो.

१०. हिवाळ्यात सगळं नीट चालतं, एप्रिल-मे आला की बिघडतं. असं का?

एकाच वेळी चार गोष्टी बदलतात.

पाण्याची चिकटता २५ अंशांवर ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशांवर ०.६५. दाबाने प्रवाह चालवत असाल तर तोच दाब जास्त प्रवाह देतो आणि थेंबांचं माप सरकतं. दुसरं, फ्रीजमधल्या थंड बफरमध्ये हवा जास्त विरघळलेली असते. ते गरम खोलीतल्या चिपमध्ये गेलं की बुडबुडे सुटतात. बफर आधी खोलीच्या तापमानाला आणून १५ मिनिटं व्हॅक्यूममध्ये ठेवा. पेशींना मात्र व्हॅक्यूम लावू नका, त्या बर्फावरच राहू द्या.

तिसरं म्हणजे बाष्पीभवन. पीडीएमएसमधून पाण्याची वाफ आरपार जाते. कोरड्या हवेत चिपमध्ये साठवलेले थेंब काही तासांत लहान होतात आणि आतले क्षार तीव्र होतात. वापरण्याआधी चिप रात्रभर पाण्यात भिजवा आणि प्रयोग चालू असताना भोवती ओला टिश्यू ठेवून झाका. चौथं, कोरड्या हवेत हातमोजे आणि प्लास्टिक यांवर स्थिर वीज साठते. विद्युतक्षेत्रात शेजारचे थेंब एकमेकांत विलीन होतात. गोळा करायची नळी हातात घासू नका.

खोली २२ ते २५ अंशांवर ठेवली की बहुतेक त्रास थांबतो. वीज सेकंदभर गेली तरी पंप थांबतो, म्हणून पंप यूपीएसवर घ्या. वीज गेलीच तर त्याआधीचे थेंब वेगळ्या नळीत काढा. पुन्हा सुरू करताना आधी तेल, मग मणी, शेवटी पेशी, आणि पहिली काही मिनिटं पडलेले थेंब टाकून द्या.

११. नोव्हेक ७५०० हे थ्रीएमचं फ्लोरिनयुक्त तेल मिळत नाही. दुसरं तेल चालेल?

२०२५ अखेर पीएफएएस या फ्लोरिनयुक्त वर्गातल्या रसायनांचं उत्पादन थांबवणार असल्याचं थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं, त्याचा हा परिणाम. ब्रँडऐवजी एचएफई-७५०० या रसायनाच्या नावाने विचारणा करा. सोबत थेंब एकमेकांत मिसळू न देणारा पीएफपीई-पीईजी प्रकारचा सर्फॅक्टंट साधारण २ टक्के लागतो. नुसता सराव करायचा तर मिनरल ऑइलमध्ये २ टक्के स्पॅन ८० पुरतो, मात्र त्याने पीडीएमएस थोडं फुगतं. स्पॅन ८० फ्लोरिनयुक्त तेलात विरघळत नाही, त्यामुळे अर्धं हे अर्धं ते करू नका. मिनरल ऑइलमध्ये थेंब तळाला बसतात, एचएफईमध्ये वर तरंगतात. पिपेट कुठून लावायची ते त्यावरून ठरवा.

१२. रक्ताच्या नमुन्यासाठी कोणती ट्यूब, किती रक्त, किती वेळात?

जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब घ्या. हेपॅरिन नमुन्यात उरलं तर आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम रोखतं. ईडीटीएसुद्धा धुवून काढावंच लागतं, कारण ते त्याच एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम बांधून ठेवतं.

एका मायक्रोलिटर रक्तात लाल पेशी सुमारे ५० लाख आणि पांढऱ्या ४ ते ११ हजार. थेट चिपवर टाकलं तर लाल पेशींशिवाय काही हाती लागणार नाही. १.०७७ घनतेच्या फायकॉलवर (पेशींचे थर वेगळे करणाऱ्या द्रावणावर) सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी वेगाने ३० मिनिटं फिरवा, ब्रेक बंद ठेवून. मधला धुरकट थर हलकेच उचला, दोनदा धुवा आणि ०.०४ टक्के बीएसए (एक प्रथिन) घातलेल्या पीबीएस या फॉस्फेट-बफरमध्ये घ्या. १ मिलिलिटर रक्तातून १० लाखांच्या आसपास पेशी मिळतात, म्हणजे २ मिलिलिटर रक्त पुष्कळ झालं. क्रोमियमसाठी मायक्रोलिटरला ७०० ते १,२०० पेशी ठेवा.

रक्त काढल्यापासून दोन ते चार तासांत इथवर पोहोचायला हवं. न्यूट्रोफिल बघायचे असतील तर फायकॉल विसरा, ते लाल पेशींबरोबर तळाला जातात. शिवाय त्यांच्यात आरएनए कमी आणि आरएनए तोडणारी एन्झाइम भरपूर, त्यामुळे तिथे प्रत्येक तास मोलाचा.

सिरिंजमधून पेशी देत असाल तर त्या तळाला बसतात हे लक्षात ठेवा. १० मायक्रोमीटरची पेशी सेकंदाला अडीच-पावणेतीन मायक्रोमीटर खाली जाते, म्हणजे अर्ध्या तासात ५ मिलिमीटर. १ मिलिलिटरच्या आडव्या सिरिंजचा आतला व्यास जवळपास तेवढाच असतो. सुरुवातीला पेशी भरपूर आणि नंतर शून्य, असं दिसलं तर कारण हेच. बफरमध्ये १५ टक्क्यांच्या आसपास ऑप्टिप्रेप घालून घनता जुळवा.

१३. नमुना सोलापूरहून पुण्याला न्यायचा तर कोणत्या टप्प्यावर न्यावा?

रक्त तसंच नेणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. रस्त्याने अडीचशे किलोमीटर, त्यावर लॅबमध्ये पोहोचून थर काढायचा वेळ, म्हणजे चार तास कधीच उलटतात.

थेंबांचं काम इथेच झालं तर सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) बनल्यावर थांबा. तो उणे २० अंशांवर काही आठवडे टिकतो आणि बर्फाच्या डब्यातून निवांत नेता येतो. थेंबांचं यंत्र पुण्यात असेल तर पेशी इथेच गोठवा: ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, पुढे द्रव नायट्रोजन. नायट्रोजन कुठून आणायचा असं विचारलं जातं. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या सेवेत त्याचे कॅन नियमित भरले जातात, पुरवठादार तिथून कळतो. न्यूट्रोफिल मात्र या गोठवण्यातून वाचत नाहीत.

तिसरी वाट म्हणजे ८० टक्के थंड मेथॅनॉलमध्ये पेशी स्थिर करणं. परत पाण्यात आणताना साधं पीबीएस वापरलं तर आरएनए फुटून बाहेर गळतो. त्याऐवजी ३एक्स एसएससी बफर, डीटीटी आणि आरएनेज रोधक घ्या.

१४. किती पेशी आणि किती रीड घ्यायचे?

१०,००० पेशी हव्या असतील तर साधारण १६,००० चढवा, कारण जवळपास ६५ टक्केच पकडल्या जातात. प्रत्येक पेशीला किमान २०,००० रीड (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) धरा. ५,००० पेशींना १० कोटी रीड झाले.

१५. विश्लेषणात पेशींचा नवाच प्रकार दिसला! शोध लागला का?

आधी तीन संशयित तपासा. पहिला दुकटा थेंब: टी-पेशी आणि मोनोसाइट दोघांचीही खुणेची जनुकं एकाच बारकोडखाली असतील तर तो नवा प्रकार नव्हे. क्रोमियमच्या तिसऱ्या पिढीच्या रसायनात दर १,००० पेशींमागे सुमारे ०.८ टक्का दुकटे धरतात, म्हणजे १०,००० पेशींना ८ टक्के. दुसरा, मायटोकॉन्ड्रियाच्या आरएनएचं वाढलेलं प्रमाण. ती मरणारी पेशी असते. तिसरा, फुटलेल्या पेशींचा द्रावणात तरंगणारा आरएनए. सगळ्याच पेशींत थोडं थोडं हिमोग्लोबिन दिसलं तर हाच प्रकार.

नवीन जोडणी केली असेल तर माणसाच्या आणि उंदराच्या पेशी निम्म्या निम्म्या मिसळून एकदा चालवा. दोन्हींचा आरएनए असलेले बारकोड जितके दिसतात, खरे दुकटे साधारण त्याच्या दुप्पट असतात, कारण माणूस-माणूस आणि उंदीर-उंदीर जोड्या दिसत नाहीत.

१६. डाळिंबाच्या पेशींवर हे जमेल का?

जमेल, पण रक्ताची कृती जशीच्या तशी लावून नाही. वनस्पतीपेशीला भिंत असते. ती सेल्युलेज आणि मॅसरोझाइमने काही तास पचवून प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेल्या पेशी) काढावे लागतात, ०.४ ते ०.५ मोलर मॅनिटॉलमध्ये. पीबीएसमध्ये टाकले की ते पाणी शोषून फुटतात. प्रोटोप्लास्ट २० ते ४० मायक्रोमीटरचे आणि नाजूक, म्हणून चॅनेलही मोठे हवेत. त्यात भिंत पचवण्याच्या तासांत पेशीची ताणाची जनुकं चालू होतात आणि तुम्ही रोगाऐवजी एन्झाइमचाच परिणाम मोजत बसता.

डाळिंबात टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल भरपूर, द्रावण बघता बघता तपकिरी होतं. आमच्या मते इथे पेशींऐवजी केंद्रकं काढावीत. बर्फावरच्या बफरमध्ये पान ब्लेडने बारीक चिरा, बफरमध्ये पीव्हीपी आणि मरकॅप्टोइथेनॉल ठेवा, आधी ४० आणि मग २० मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा. विश्लेषणात इंट्रॉनचे (आरएनएमधून नंतर छाटल्या जाणाऱ्या तुकड्यांचे) रीड धरायला विसरू नका. केंद्रकातला बराच आरएनए अजून न छाटलेला असतो. पिकाबद्दल शंका असेल तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र गावातच आहे.

१७. मग तेल्याच्या जीवाणूवर?

डाळिंबाचा तेल्या रोग घडवणाऱ्या झँथोमोनास या जीवाणूवर वरची मण्यांची पद्धत चालत नाही. जीवाणूच्या एमआरएनएला पॉली-ए शेपूट नसतं, मण्यावरचा धागा पकडणार कशाला? पण औषधाला कोण दाद देतं हे बघायला थेंब फार उपयोगी. ३० मायक्रोमीटरचा थेंब १४ पिकोलिटरचा. त्यात एकच जीवाणू असला तरी घनता मिलिलिटरला ७ कोटी होते, त्यामुळे वाढ लवकर दिसते. दर थेंबाला ०.१ साठी मिलिलिटरला ७० लाख जीवाणू चढवा. रेझाझ्युरिन रंग (जिवंत जीवाणू त्याला चमकता करतात) वापरत असाल तर काही तासांतच मोजणी उरका. त्याचं चमकणारं रूप तेलातून शेजारच्या थेंबात झिरपतं आणि रिकामे थेंबही भरलेले वाटू लागतात.

१८. घरच्या माणसाला कॅन्सर आहे. या चिपवर तपासणी करून मिळेल का?

इथे लिहिलेलं सगळं संशोधनाचं तंत्र आहे. त्यावर निदान किंवा उपचार ठरवू नका. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी मोजणारी सेलसर्च ही चाचणी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाली, पण ती चुंबकीय कणांवर चालते. ७.५ मिलिलिटर रक्तात अशा किती पेशी सापडतात यावरून पसरलेल्या स्तनकर्करोगात पुढचा अंदाज बांधतात. नेमकं निदान बायॉप्सीवरच होतं. तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोला.

१९. चिप धुवून पुन्हा वापरता येते का?

सरावाला हो. आरएनए मोजायचा असेल तर नाही, आधीच्या नमुन्याचे रेणू पीडीएमएसला चिकटून राहतात.

२०. परवानगी आणि कचऱ्याचं काय?

माणसाचं रक्त असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी. पॅथॉलॉजी लॅबमध्ये उरलेलं रक्त वापरतानाही ती लागते. संमतीतून सूट द्यायची की नाही हे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समिती ठरवते, लॅबचा मालक नाही.

रक्त लागलेली चिप जैववैद्यकीय कचरा, २०१६ च्या नियमांखाली. तिच्यात काच आहे का यावरून लाल पिशवी की निळं खोकं ते ठरतं. फ्लोरिनयुक्त तेल बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवून रासायनिक कचऱ्यात द्या. आणि एक सक्त सूचना: पेशी फोडायच्या द्रावणात ग्वानिडीन थायोसायनेट असेल तर त्यावर हायपोक्लोराइट कधीही टाकू नका. त्यातून विषारी वायू सुटतात. त्या द्रावणाची बाटली वेगळी, लेबल लावलेली आणि ब्लीचच्या बादलीपासून लांब ठेवा.